डनॉटरचा मुकुट नेमका कोणी वाचवला? (थ्रेड)

३१ मार्च १६५२. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील किनेफ या खेड्याचा पाद्री जेम्स ग्रेंजर याने एक पावती लिहून दिली. देशाची राजचिन्हे आपल्या ताब्यात आहेत. मुकुट आणि राजदंड चर्चमध्ये प्रवचनपीठासमोरच्या फरशीखाली पुरले आहेत आणि तलवार पश्चिमेच्या बाजूला, बाकांखालच्या जमिनीत आहे, असा त्या पावतीचा आशय.

त्याच वेळी तिथून दहाएक किलोमीटरवर इंग्रज फौज एका किल्ल्याला वेढा घालून बसली होती. मुकुट त्या किल्ल्यातच आहे, अशी तिची खात्री होती.

किल्ल्याचे नाव डनॉटर. वेढ्यातून मुकुट बाहेर कसा पडला, या प्रश्नाची किमान तीन उत्तरे स्कॉटलंडमध्ये सांगितली जातात. पर्यटकांसाठी ती एक सुरस आख्यायिका आहे. प्रत्यक्षात यातल्या बहुतेक उत्तरांना एकेक मालक आहे. त्या उत्तरावर कोणाची तरी सरदारकी, कोणाची जमीन, कोणाचे बक्षीस अवलंबून होते. म्हणून ही गोष्ट जितकी मुकुटाची आहे, तितकीच ती श्रेय कसे वाटले जाते याची आहे.

आधी जागा समजून घ्यायला हवी, कारण इथले अर्धे राजकारण त्या कातळाने ठरवले आहे.

स्टोनहेवन या बंदराच्या दक्षिणेला सुमारे तीन किलोमीटरवर उत्तर समुद्रात घुसलेला एक प्रचंड खडक आहे. उंची साधारण ५० मीटर, माथा सपाट, तीन बाजूंना सरळ तुटलेले कडे. मुख्य भूमीशी त्याला जोडणारी जमिनीची पट्टी इतकी खाली उतरलेली आहे की किल्ल्यात जाणाऱ्याला आधी जवळजवळ समुद्रापर्यंत उतरावे लागते आणि मग पुन्हा वर चढावे लागते. वर चढणारा प्रत्येक माणूस तटावरच्या नजरेच्या आणि तोफेच्या टप्प्यात येतो.

हा खडक पिंडाश्माचा आहे. चाळीस कोटी वर्षांपेक्षाही जुन्या नद्यांनी वाहून आणलेले गोटे वाळूत रुतून घट्ट झाले आणि त्यांचा दगड बनला. जवळून पाहिले तर कड्याच्या भिंतीत मुठीएवढे, डोक्याएवढे गोल दगड अडकलेले दिसतात. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलूख आणि दक्षिणेकडील सखल प्रदेश यांच्यामधून गेलेला भूकवचाचा मोठा विभंग स्टोनहेवनच्या थोडा उत्तरेलाच समुद्राला मिळतो. किनाऱ्याने उत्तरेकडे निघालेल्या सैन्याला डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या अरुंद वाटेने जावे लागे आणि ती वाट डनॉटरच्या शेजारून जाई. ज्याच्या हाती हा कातळ, त्याच्या हाती ती वाट.

नावातला ‘डन’ म्हणजे गेलिक भाषेतला ‘दून’, अर्थात दुर्ग. आयर्लंडच्या जुन्या बखरींत ६८१ आणि ६९४ साली ‘दून फोदर’ला पडलेल्या वेढ्यांची नोंद आहे, ते ठिकाण डनॉटरच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इ.स. ९०० मध्ये राजा दुसरा डोनाल्ड इथे मारला गेल्याची परंपरा आहे. ९३४ साली इंग्लंडचा राजा अ‍ॅथेलस्टन आपली फौज घेऊन इथपर्यंत पोहोचला होता. किल्ल्याच्या थोडे उत्तरेला समुद्रात डनिकेअर नावाचा एक सुटा सुळका उभा आहे. तिथे गेल्या दशकात झालेल्या उत्खननात तिसऱ्या-चौथ्या शतकातील पिक्ट लोकांच्या दुर्गाचे अवशेष मिळाले. या किनाऱ्यावर कड्याच्या टोकाला वस्ती करण्याची सवय फार जुनी आहे.

डनॉटरची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका विल्यम वॉलेसची. १२९७ मध्ये त्याने किल्ला घेतला, आश्रयासाठी चर्चमध्ये शिरलेल्या इंग्रज सैनिकांना चर्चसकट जाळले, आणि मेले किती, तर चार हजार. हा आकडा ‘ब्लाइंड हॅरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कवीचा आहे. त्याचे ‘द वॉलेस’ हे दीर्घकाव्य १४७०च्या दशकातले, म्हणजे घटनेनंतर जवळपास पावणेदोनशे वर्षांनी रचलेले. संपूर्ण खडकाचा माथाच जेमतेम दीड हेक्टर. त्यावरच्या एका चर्चमध्ये चार हजार माणसे कशी मावली, हे कवीला कोणी विचारले नसावे. वॉलेसने किल्ला घेतला असेलही. आकडा मात्र काव्याचा आहे, आणि तो तसाच वाचावा.

त्या चर्चने पुढच्या मालकालाही त्रास दिला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम कीथ याने खडकावर दगडी बुरूजवाडा बांधला. ही जागा धर्मकार्यासाठी अभिमंत्रित केलेली आहे, असे म्हणून सेंट अँड्र्यूजच्या बिशपने त्याला थेट धर्मबहिष्कृत केले. कीथने आव्हिन्यों येथील पोप तेराव्या बेनेडिक्टकडे दाद मागितली आणि १३९५ मध्ये पोपच्या आज्ञापत्राने बहिष्कार उठला. बुरूजवाडा उभा राहिला. त्याचे चार मजली भग्न कवच आजही खडकाच्या टोकाशी उभे आहे.

कीथ घराणे साधे नव्हते. ‘मारिशल’ हे पद त्यांच्याकडे वंशपरंपरेने होते आणि राजचिन्हांचे रक्षण हे त्या पदाचे एक कर्तव्य होते. पुढे त्यांना ‘अर्ल मारिशल’ हा किताब मिळाला. मुकुट डनॉटरलाच का आला, याचे अर्धे उत्तर या पदात आहे. उरलेले अर्धे लंडनमध्ये आहे.

जानेवारी १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. त्यानंतर इंग्लंडच्या संसदेने इंग्रज राजचिन्हे मोडून टाकण्याचा आदेश दिला. सोने वितळवले गेले, रत्ने विकली गेली. राजा नको, मग राजाच्या खुणाही नकोत, असा तो सरळ हिशेब होता. स्कॉटलंडने मात्र मृत राजाच्या मुलाला, दुसऱ्या चार्ल्सला, राजा मानले आणि १ जानेवारी १६५१ रोजी स्कोन येथे त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला.

तो मुकुट पाचव्या जेम्सच्या आज्ञेने १५४० मध्ये सोनार जॉन मॉसमन याने जुन्या मुकुटातून नव्याने घडवलेला. राजदंड १४९४ मध्ये पोप सहाव्या अलेक्झांडरने चौथ्या जेम्सला पाठवलेली भेट. तलवार १५०७ ची, पोप दुसऱ्या ज्युलियसने दिलेली. तिन्ही मिळून ‘ऑनर्स ऑफ स्कॉटलंड’. राज्याभिषेक झाला, पण राजचिन्हे परत नेऊन ठेवायची कुठे, हा प्रश्न उरला. एडिंबराचा किल्ला डिसेंबर १६५० मध्येच ऑलिव्हर क्रॉमवेलच्या हाती पडला होता. तेव्हा संसदेने ती सातवा अर्ल मारिशल विल्यम कीथ याच्या स्वाधीन केली आणि ती डनॉटरला आली.

ऑगस्ट १६५१ मध्ये खुद्द अर्ल अलिथ येथे पकडला गेला आणि लंडनच्या टॉवरमध्ये कैद झाला. किल्ल्याची जबाबदारी आली जॉर्ज ओगिल्वी या जवळच्याच बॅरस गावच्या जमीनदारावर. सप्टेंबरमध्ये इंग्रज फौज येऊन ठेपली. ओगिल्वीकडे पुरेशी माणसे नव्हती, अन्न मोजके होते आणि मदतीला येणारे कोणीच उरले नव्हते. राजा चार्ल्स फ्रान्सला पळाला होता, देशातले किल्ले एकेक करून पडत होते. त्याच्या बाजूने होता फक्त तो कातळ आणि हिवाळा. भारी तोफा मे १६५२ पर्यंत वेढ्यापाशी पोहोचू शकल्या नाहीत. त्या आल्यावर दहा दिवसांच्या भडिमारात तट खिळखिळा झाला आणि २४ मे रोजी किल्ला शरण आला. राजासाठी लढणारे स्कॉटलंडमधले हे अखेरचे ठिकाण होते.

इंग्रज आत शिरले. मुकुट नव्हता. राजदंड नव्हता. तलवार नव्हती. राजाची खासगी कागदपत्रेसुद्धा नव्हती. ती ओगिल्वीच्या पत्नीची नातेवाईक अ‍ॅन लिंडसे हिने कमरपट्ट्यात शिवून, अंगावर बांधून, पहाऱ्यातून आधीच बाहेर नेली होती.

आता ती तीन उत्तरे.

पहिले उत्तर क्रिश्चन फ्लेचरचे. ही पाद्री ग्रेंजरची पत्नी. राजेशाही परतल्यानंतर तिने स्वतः निवेदन दिले की, फेब्रुवारी आणि मार्च १६५२ मध्ये तीन खेपा करून, सामानाच्या पोत्यांत दडवून, तिने राजचिन्हे किल्ल्याबाहेर आणली. आधी ती घरात पलंगाच्या पायथ्याशी लपवली आणि मग नवऱ्याने ती चर्चमध्ये पुरली.

दुसरे उत्तर अठराव्या शतकात प्रचलित झालेले. किल्ल्याच्या समुद्राकडील बाजूने राजचिन्हे दोराने खाली सोडली गेली. खाली खडकांवर फ्लेचरची मोलकरीण समुद्रशेवाळ गोळा करण्याचे सोंग करीत होती. तिने ती टोपलीत घेतली, वर शेवाळ टाकले आणि निघाली. चित्रदृष्ट्या हे उत्तर फार आकर्षक आहे. कडा, लाटा, दोर, टोपली असे सगळे त्यात आहे. अडचण एवढीच की प्रत्यक्ष सहभागी स्त्रीच्या निवेदनात ते नाही.

या दोहोंच्या आजूबाजूला आणखी तपशील साठत गेले. मुकुट तिने पदराआड मांडीवर घेतला होता. राजदंड सुताच्या चातीसारखा दिसावा म्हणून तागाच्या पेंढीत गुंडाळला होता. आणि इंग्रज सेनापतीने सौजन्याने स्वतः हात देऊन तिला घोड्यावर बसवले. शेवटचा प्रसंग इतका सुबक आहे की त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. गोष्ट सांगणाऱ्या पिढ्यांनाही तो नेमका त्याच कारणाने आवडला असावा.

तिसरे उत्तर सर्वांत कमी रोमांचक आणि सर्वांत जास्त फलदायी. ते असे की, अर्लचा धाकटा भाऊ जॉन कीथ याने राजचिन्हे समुद्रमार्गे परदेशी नेली. ही अफवा मुद्दाम पसरवलेली होती. शरणागतीनंतर इंग्रजांना हेच सांगण्यात आले आणि त्यामुळे किनेफच्या फरशीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. अफवा म्हणून ती अत्यंत मोलाची होती, याबद्दल वाद नाही. ओगिल्वी आणि त्याची पत्नी एलिझाबेथ डग्लस यांना मात्र इंग्रजांनी कैदेत ठेवून छळले, तरी त्यांनी तोंड उघडले नाही.

आठ वर्षे मुकुट जमिनीत राहिला. दर रविवारी त्या फरशीवर उभे राहून लोक प्रार्थना म्हणत होते. ओल लागू नये म्हणून ग्रेंजर पतिपत्नी रात्री अधूनमधून तो उकरून शेकोटीपुढे शेकवीत असत, असेही सांगितले जाते.

१६६० मध्ये दुसरा चार्ल्स सिंहासनावर परतला. राजचिन्हे बाहेर निघाली. आणि मग खरा वेढा सुरू झाला.

कीथ घराण्याच्या थोरल्या काउंटेसने, म्हणजे अर्लच्या आईने, राजाला तातडीने कळवले की हे सारे आपल्या मुलाच्या, जॉनच्या, प्रयत्नांनी झाले. शत्रूला फसवण्यासाठी रचलेली कथा आता मित्रांना सांगितली जाऊ लागली. जॉन कीथला ‘नाइट मारिशल’ हे पद मिळाले आणि १६७७ मध्ये तो किंटोरचा अर्ल झाला. आठ महिने वेढा सोसणाऱ्या ओगिल्वीला बॅरोनेट हा किताब मिळाला, पैसा नाही. क्रिश्चन फ्लेचरला स्कॉटिश संसदेने १६६१ मध्ये २००० मर्क मंजूर केले. मर्क हे तेव्हाचे स्कॉटिश चांदीचे नाणे. तिच्या पदरात किताब पडण्याचा प्रश्नच नव्हता.

भांडण दोन पिढ्या चालले. १७०१ मध्ये ओगिल्वीचा मुलगा सर विल्यम याच्या बाजूने एक पुस्तिका छापली गेली. तिच्यात राजचिन्हे वाचवण्याचे श्रेय ओगिल्वी दांपत्याला दिले होते आणि जॉन कीथचा दावा खोडून काढला होता. जॉन कीथ, आता किंटोरचा अर्ल, प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. १७०२ मध्ये कौन्सिलने निकाल दिला आणि ती पुस्तिका एडिंबराच्या चौकात जाहीरपणे जाळण्यात आली.

घटनेला पन्नास वर्षे उलटली होती. एका छापील कागदाची इतकी भीती का वाटावी? कारण अर्लपद त्या गोष्टीवर उभे होते. आख्यायिकेचे वेगवेगळे पाठ मिळाले की त्यांना लोककल्पनेचा विलास समजून सोडून देण्याची सवय असते. इथे तसे करता येत नाही. इथला प्रत्येक पाठ कोणाच्या तरी घरातून निघाला आहे आणि त्या घराचा पत्ता सापडतो.

मग पुरावा काय सांगतो? ग्रेंजरची पावती स्पष्ट आहे. ती घटनेच्या वेळची आहे आणि लिहिणाऱ्याला ती लिहून धोक्याखेरीज काहीच मिळणार नव्हते. ती सापडली असती, तर त्याचे काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको. क्रिश्चनचे निवेदन तिच्याशी जुळते. जॉन कीथने मुकुट परदेशी नेला नव्हता, हे तर मुकुटच सांगतो. उरतो ओगिल्वीचा दावा. त्याच्या बाजूने एक पुरावा फार उशिरा आणि फार अनपेक्षित ठिकाणाहून आला. राज्यतलवारीचा पट्टा बाकीच्या वस्तूंबरोबर परत आला नव्हता. १७९० मध्ये तो बॅरस येथे, ओगिल्वींच्या बागेच्या भिंतीत चिणलेला सापडला. म्हणजे निदान एक वस्तू तरी त्या घरातून गेली होती. पुस्तिका जाळली, पण भिंत तशीच राहिली. हा पट्टा १८९२ मध्ये एडिंबराच्या किल्ल्यात बाकीच्या राजचिन्हांपाशी पोहोचला.

या सर्वांतून क्रिश्चन फ्लेचरने ती बाहेर नेली आणि एलिझाबेथ डग्लसने किल्ल्याच्या आतून ती तिच्या हाती दिली, एवढे मानायला चांगला आधार आहे. दोन घराण्यांचे पुरुष पन्नास वर्षे ज्या श्रेयासाठी भांडले, ते काम बहुधा दोन बायकांनी आपापसांत ठरवून उरकले होते.

डनॉटरच्या वाट्याला पुढे जे आले, त्यात अभिमान बाळगण्यासारखे काही नाही. मे १६८५ मध्ये राजाचे चर्चवरील सर्वाधिकार मान्य न करणाऱ्या १६७ कव्हेनंटर कैद्यांना, १२२ पुरुष आणि ४५ स्त्रियांना, इथल्या तळघरवजा दालनात कोंबण्यात आले. उन्हाळाभर ते तिथे होते. काहींनी कड्यावरून पळण्याचा प्रयत्न केला, त्यात काही पडून मेले. जे शपथ घ्यायला तयार झाले नाहीत, त्यांना जहाजात भरून अमेरिकेत न्यू जर्सीला धाडले गेले आणि त्यांतले कित्येक वाटेतच दगावले. ज्या खडकाने राजाचा मुकुट वाचवला, त्यावरच राजाच्या नावाने हे घडले. मुकुटाची गोष्ट सांगणारी माहितीपत्रके या दालनाशी थोडी घाईने वळतात.

१७१५ च्या जॅकोबाइट उठावात दहावा अर्ल मारिशल जॉर्ज कीथ पराभूत बाजूला होता. त्याची जहागीर जप्त झाली, ती एका लंडनच्या कंपनीने घेतली आणि किल्ल्यातून छत, लाकूड, जे निघेल ते काढून नेले. त्याचा भाऊ जेम्स प्रशियाच्या फ्रेडरिकचा फील्ड मार्शल झाला आणि १७५८ मध्ये होखकिर्खच्या लढाईत पडला. डनॉटरचे मालक युरोपभर विखुरले आणि डनॉटरवर कावळे व समुद्रपक्षी उरले.

मुकुटाचे काय झाले? १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या संसदा एक झाल्या आणि राजचिन्हे एडिंबराच्या किल्ल्यात एका पेटीत कुलूपबंद केली गेली. शंभर वर्षांत लोकांना ती आहेत की लंडनला नेली, हेही ठाऊक नव्हते. ४ फेब्रुवारी १८१८ रोजी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या पुढाकाराने पेटी उघडली, तेव्हा ती कापडात गुंडाळलेली तशीच आत होती. या स्कॉटचा डनॉटरशीही संबंध आला होता. १७९३ मध्ये डनॉटरच्या चर्चच्या स्मशानात त्याला कव्हेनंटरांच्या कबरींवरची अक्षरे नव्याने कोरत फिरणारा रॉबर्ट पॅटरसन हा पाथरवट भेटला होता. ‘ओल्ड मॉर्टॅलिटी’ या त्याच्या कादंबरीचे नाव याच माणसाच्या टोपणनावावरून आले.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन आक्रमणाच्या भीतीने मुकुट पुन्हा एकदा जमिनीत गेला. या वेळी एडिंबराच्या किल्ल्यातच, डेव्हिड्स टॉवरच्या अवशेषांत.

तलवारीला किनेफची सहल महागात पडली होती. लपवता यावी म्हणून तिचे पाते मोडण्यात आले होते आणि म्यान दुमडले गेले होते. आज ती इतकी नाजूक झाली आहे की समारंभात हाती घेता येत नाही. ५ जुलै २०२३ रोजी एडिंबराच्या सेंट जाइल्स कॅथीड्रलमध्ये राजा तिसऱ्या चार्ल्सला राजचिन्हे सादर करण्यात आली, तेव्हा मुकुट आणि राजदंड जुनेच होते, तलवार मात्र नवी घडवलेली होती. ती वाहून आणण्याचा मान ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या नौकापटू कॅथरीन ग्रेंजर यांना मिळाला. आडनाव किनेफच्या पाद्र्याचेच, ही योगायोगाची बाब.